सुबोध प्रेसमधलं माकड

"ह्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, गुरुजी. ठेवूच नका. मिरजेत आजवर एकाही माणसाने ठेवलेला नाही. पण साक्षीदार तुमच्या डाव्या हाताला बसलाय. काय बाबालाल?"

"हं," बाबालाल म्हणाला आणि बशीतल्या चहावर फुंकर मारली.

आमचा कट्टा म्हणजे सतारीच्या दुकानासमोरची लांब दगडी पायरी. पाठीमागे भिंतीला टेकवून भोपळे वाळत पडलेले असतात, पुढे चहाचा गाडा. सकाळी साडेनऊला आम्ही तिघं तिथे जमतो. मी, शिरगुप्पे गुरुजी, ज्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं आणि ज्यांना उत्तर आलं तरी रीत बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि बाबालाल मुजावर, जो बोलतच नाही.

त्या दिवशी गुरुजींनी वाचनालयाचं गाऱ्हाणं आणलं होतं. तिथला कॉम्प्युटर जळाला. आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरात बसवली, तर हा दुसरा सुरूच होईना. नुसता काळा पडदा.

"डिस्क धडधाकट आहे, कॉम्प्युटर धडधाकट आहे," गुरुजी म्हणाले, "मग दोन बरोबर गोष्टींची बेरीज चूक कशी येते, तांबवेकर?"

"गणपतीचं डोकं बदललं ते साक्षात शंकराने, म्हणून जमलं," मी म्हटलं. "बाकीच्यांचं काम नव्हे. असलं डोकं मी एकदा बसवलंय. सुबोध प्रेसमध्ये. पण ती गोष्ट सांगितली तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल."

"ते मी गोष्ट न ऐकताही म्हणतो."

असं प्रोत्साहन मिळाल्यावर कोण थांबतो?

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सुबोध प्रेस आप्पासाहेब मगदुमांची. ब्राह्मणपुरीच्या बोळात, पुढे छपाईची मशिनं, मागे कॉम्प्युटरची खोली. दर साली अकरा दिवाळी अंक तिथे छापले जायचे. पानं लावायचं काम एकट्या बाबालालचं. आषाढापासून बसायचा तो खुर्चीत, थेट दसऱ्याला पाठ सरळ करायचा. अकराही अंकांची पानं एका सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे तरी काय, मोठा कॉम्प्युटर. पण त्याचा पंखा असा होता सांगतो गुरुजी, की आप्पासाहेब दारात उभे राहिले की त्यांची टोपी उडून कटिंग मशिनवर जायची.

"आणि कापली जायची," गुरुजी म्हणाले.

"दोनदा कापली गेली. विचारा साक्षीदाराला."

"हं."

तर त्या साली सप्तमीला दुपारी फट् असा आवाज झाला आणि सर्व्हर मेला. मी त्यांचा मशिनवैद्य. झाकण उघडलं, तर बोर्डावरचे कपॅसिटर पुरीसारखे टम्म फुगलेले. मी म्हटलं, आप्पासाहेब, धड गेलं, डोकं शाबूत आहे. आत दोन डिस्का होत्या. पहिलीवर सगळी व्यवस्था, म्हणजे मशिन झोपेतून उठतं ते तिच्या जिवावर. दुसरीवर बाबालालची पानं. दोघी जुळ्या. एक कंपनी, एक रंग, एक माप. पुण्याहून अष्टमीला नवं मशिन आणवलं आणि दोघींना त्यात सरकवलं. पहिली पहिल्या खणात, दुसरी दुसऱ्या खणात.

"आणि सुरू झालं नाही," गुरुजी म्हणाले.

"कसं होईल? नवी नवरी सासरी आली, लगेच चूल पेटवते का? जुन्या मशिनची डिस्कशी बोलायची रीत वेगळी, नव्याची वेगळी. आधी सेटिंगमध्ये जाऊन नव्याला जुन्याची रीत लावली. तेव्हा ती उठली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, ओळखीचं कुणी दिसेना, निळी पडून पुन्हा आडवी झाली. मग सीडी घालून तिला नव्या बोर्डाची ओळख करून दिली. ही तुझी सासू, हा तुझा दीर. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तुमच्या वाचनालयाला हेच करायचंय, लिहून घ्या."

गुरुजींनी खरंच पावतीच्या मागे लिहून घेतलं.

"संध्याकाळी सातला मशिन उठलं. बाबालालने पहिल्या अंकाचं पहिलं पान उघडून दाखवलं. हातात निरांजन घेतलेली बाई. आप्पासाहेबांनी पडद्यालाच नमस्कार केला. आणि मग सगळ्यांच्या देखत काय म्हणाले माहितीय? 'आता दिवाळी होईतो ह्या खोलीत वसंतराव आणि बाबालाल सोडून कुणी पाय ठेवायचा नाही. मीसुद्धा नाही.' दोनच किल्ल्या होत्या. एक मला दिली, एक बाबालालला."

"एवढा विश्वास?"

"विश्वास कसला! आप्पासाहेब कागदाची रिमं मोजायचे, मग मोजणाऱ्याला मोजायचे. दोनच किल्ल्या दिल्या म्हणजे उद्या काही झालं तर दोनच माणसं धरायची. आणि त्यातल्या एकावर त्यांचा डोळा आधीपासून होता. बाबालालने नुकतंच सांगितलं होतं, दिवाळी झाली की मी सांगलीच्या प्रेसमध्ये जातो म्हणून."

बाबालालने रिकामी बशी कपाखाली ठेवली. गाड्यावरच्या बाईला बोटाने खूण केली, अजून एक.

"दुसऱ्या दिवशी खंडेनवमी," मी पुढे निघालो. "प्रेसमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा. भटजींनी छपाईच्या मशिनला हळदकुंकू वाहिलं, कटिंगला वाहिलं, स्टेपलरला वाहिलं, आप्पासाहेबांच्या स्कूटरला झेंडूची माळ घातली. कॉम्प्युटरच्या खोलीपाशी आले, तर आप्पासाहेब आडवे. आत जायचं नाही. मग भटजींनी बाहेरूनच कडीला बोटं लावली आणि दोन अक्षता टाकून पुढे गेले. आता तुम्हीच सांगा, ही पूजा झाली? आमच्या घराण्यात असं चालत नाही. आजोबा तांबट. हातोडीच्या दांड्याला नाही, तोंडाला कुंकू लावायचे. मूर्तीला सोडून देव्हाऱ्याच्या दाराला हार घालायचा, ह्याला काय अर्थ आहे?"

"तुम्ही हे त्यांना तिथे बोललात?"

"मी कुठे होतो! मी कोल्हापुरात. अंबाबाईच्या रांगेत. उजाडायच्या आत मिरज सोडली. रांग इतकी मोठी गुरुजी, की माझ्या पुढे उभ्या राहिलेल्या माणसाचं रांगेत लग्न ठरलं. भटजींचं हे सगळं मला मागून कळलं. किल्ली माझ्या कमरेला होती, ती माझ्याबरोबर देवीचं दर्शन घेऊन आली."

"म्हणजे मिरजेत एकच किल्ली," गुरुजी म्हणाले. त्यांची रीत सुरू झाली होती.

"एकच. दसऱ्याला प्रेस बंद. एकादशीला सकाळी नऊला फोन. 'वसंतराव, असाल तसे या.' मी असेन तसा गेलो. आप्पासाहेब दारात, डोळे तांबडे. आत पडदा काळा, आणि त्यावर एकच ओळ, इंग्रजीत, की बाई मला उठवणारी डिस्क सापडत नाही."

"पण अष्टमीला तर चाललं होतं."

"आप्पासाहेबही हेच म्हणाले. अष्टमीला चाललं. मध्ये दोन दिवस खोली कुलपात. मग झालं काय? आणि त्यांनी पुढचं शटर खाली ओढलं. म्हणाले, उत्तर मिळेपर्यंत कुणी जेवायला जायचं नाही."

चौदा माणसं होती प्रेसमध्ये. बायंडिंगच्या बायका कोपऱ्यात बसून डोळ्यांनीच एकमेकींशी बोलायला लागल्या. छपाईवाला कटिंगवाल्याकडे बघेना. आणि हळूहळू, कुणी काही न बोलता, सगळ्यांच्या मध्ये एक वर्तुळ तयार झालं आणि त्यात बाबालाल एकटा उभा राहिला. मी बघत होतो. कुणीही त्याला ढकललं नव्हतं. बाकीचे फक्त एकेक पाऊल मागे सरले होते.

"किल्ली?" आप्पासाहेब म्हणाले.

बाबालालने खिशातून काढून दाखवली.

"नवमीला, दसऱ्याला आत गेलतास?"

"नाही."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? नाही गेलो."

"सांगलीवाल्यांना आपले अंक वेळेवर निघालेले बघवत नाहीत, हे तुला ठाऊक आहे का, बाबालाल?"

"आप्पा, तीन महिने बसून पानं मी लावलीत. स्वतःच्या हाताने लावलेली पानं मी बुडवीन?"

"तेच म्हणतोय मी. दुसऱ्या कुणाला जमणारच नाही."

मग त्याची पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, चष्म्याचं घर, शुक्रवारची टोपी घडी घालून ठेवलेली, मुलीसाठी घेतलेली खडूची पेटी. आप्पासाहेबांनी ती पेटीसुद्धा उघडून बघितली. बाबालाल म्हणाला, "डबापण उघडा. भेंडीच्या खाली बघा, आप्पा. एखादा अंक सापडेल."

कुणी हसलं नाही.

हे सांगताना मी कपात बघत होतो. गुरुजी बाबालालकडे बघत होते, आणि बाबालाल रस्त्यापलीकडे, जिथे एक पोरगी दोरीवरच्या उड्या मारत होती.

"आणि तुम्ही?" गुरुजींनी मला विचारलं. "तुम्ही त्या वेळी काय करत होतात?"

"मी? मी मशिनसमोर. रीतसर. आधी सेटिंग बघितली, रीत जिथल्या तिथे. बोर्डावरचा सेल काढून पुन्हा घातला. केबल बदलली. सीडी घालून बघितली. दोन तास गेले. मग मी डिस्क बाहेर काढली आणि कानाला लावली."

"कानाला!"

"हसू नका. ह्या दुकानातले लोक भोपळा वाजवून सांगतात, सतार कशी बोलणार ते. तसं मी डिस्कचं करायचो. कितवं पान कुठे आहे तेही सांगायचो. कान लावला आणि कळलं. पहिल्या खणातून बोलतेय ती दुसरी! पानांची डिस्क पुढे, व्यवस्थेची मागे. मशिन बिचारं पहिल्याच खणात हाक मारतंय, 'उठव गं बाई,' आणि तिथे ही. हिला काय ठाऊक, कसं उठवायचं? हिच्याकडे कविता आणि पाककृती!"

"म्हणजे अदलाबदल."

"एवढंच. बाकी सगळं शाबूत. एक पान गेलं नव्हतं. आता दोघी जुळ्या, दोन्ही माझ्या हातात. दुसऱ्या माणसाला कळलंच नसतं कुठली कोण. पण आपलं काम असं कच्चं नसतं, गुरुजी. व्यवस्थेच्या डिस्कवर कडेला कुंकवाचं बोट उठलेलं होतं. अनामिकेचं, ठसठशीत, कुणी सवाष्णीच्या कपाळावर रेखावं तसं. वर हळदीचा ठिपका. बघताक्षणी ओळखली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि पहिल्या खणात सरकवली. खट्ट! मशिन उठलं. निरांजनवाली बाई हजर."

गाड्यावरच्या बाईने दुसरा कप आणून बाबालालच्या शेजारी ठेवला. त्याने तो उचलला नाही.

"आप्पासाहेब काय म्हणाले?"

"आप्पासाहेब म्हणाले, म्हणजे कुणीतरी आत जाऊन मुद्दाम हात लावला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं..." मी चहाचा घोट घेतला. "मी म्हटलं, तसंच दिसतंय."

"अहो तांबवेकर!"

"थांबा हो! गोष्ट तर पुढेच आहे. मी म्हटलं तसंच दिसतंय, पण हात लावला कुणी? माणसानेच कशावरून? आणि मान वर केली. वरच्या झरोक्याची जाळी फाटलेली. खाली, सर्व्हरच्या मागे, केळ्याची साल. सालीवर दातांच्या खुणा. बारीक. आणि जाळीच्या तारेला चार करडे केस. मी म्हटलं, आप्पासाहेब, चोर सापडला. हे माकडाचं काम!"

गुरुजींनी चष्मा काढला.

"विश्वास ठेवू नका, मी आधीच सांगितलंय. पण ते माकड साधं नव्हतं. दर्ग्याच्या मागे चिंचेवर असायचं, एक कान तुटका. नवमीला सगळीकडे पूजेची केळी, त्या वासाने आलं. आत बघतंय तर हिरवे दिवे लुकलुकतायत. खण ओढले, डिस्का काढल्या, चाटून बघितल्या, आवडल्या नाहीत, परत ठेवल्या. पण माकडच ते! डावं-उजवं कुठून कळणार?"

"आणि खोलीतली दुसरी एकही वस्तू हलवली नाही."

"शिस्तीचं माकड होतं. छपाईवाला केळं घेऊन झरोक्याखाली उभा राहिला, तर ते आलं, खाली उतरलं आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा खण ओढायला लागलं! चौदा माणसांनी बघितलं. आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबालालचे हात धरले आणि म्हणाले, 'बाबालाल, पाप झालं माझ्या हातून.' पेढे मागवले, पहिला पेढा स्वतःच्या हाताने ह्याच्या तोंडात घातला. बायंडिंगच्या बायका रडल्या. झालं! अकरा अंक वेळेवर निघाले. तो माझा शब्द होता आणि मी पाळला."

मी मांडीवर थाप मारली. एरवी माझी गोष्ट संपली की गुरुजी हसतात. त्या दिवशी ते पावतीच्या मागे लिहिलेलं वाचत बसले होते, आणि त्यात माकड कुठेच नव्हतं.

"एक शंका," ते म्हणाले. "एवढा पेढा भरवला, मग बाबालाल त्याच आठवड्यात सुबोध का सोडून गेला? सांगलीच्या प्रेसमध्येही गेला नाही. बोळात लग्नपत्रिकांचं दुकान टाकून बसला. मला पक्कं आठवतं. माझ्या मुलीची पत्रिका त्याच्याकडची. तेव्हाही लोक कुजबुजायचे, ह्याला कुणी कामावर घेत नाही म्हणून."

"लोकांना काय काम! ह्याला स्वतःचं काही करायचं होतं."

"आणि दुसरी शंका. तुम्ही माझ्या वाचनालयाचं मशिन बघायला आलात की आधी हातावर पैसे ठेवायला लावता. सख्ख्या मेहुण्याला सोडलं नाहीत. ह्या बाबालालच्या दुकानातली मशिनं सोळा वर्षं फुकट सांभाळलीत. पंखा अडला तरी धावत जाता. ते का?"

"मैत्री, गुरुजी. मैत्रीला रीत नसते."

"सगळ्याला रीत असते."

मी साक्षीदाराकडे वळलो. इतकी वर्षं त्या 'हं'ने मला कधी दगा दिला नव्हता. "सांग रे बाबा ह्यांना. पेढा कसला होता? कंदी होता की नाही?"

बाबालालने गार झालेला चहा उचलून गटारात ओतला आणि कप पायरीवर नीट, दांडी आत करून ठेवला. मग तो माझ्याकडे वळून बसला. सोळा वर्षांत तो असा समोर तोंड करून बसल्याचं मला आठवत नाही.

"पेढ्याचं असू दे, वसंता. मी किल्ली टेबलावर ठेवली, खडूची पेटी उचलली आणि घरी गेलो. पण गोष्टीत पेढा बरा वाटतो. असू दे."

"तसं नव्हे रे..."

"माकडपण असू दे. त्याचा तुटका कान असू दे. इतकी वर्षं मला वाटायचं, कुणी केलं हे कुणालाच कळलं नाही. तुलापण नाही. तू आपला मशिन सुरू करणारा माणूस. पण त्या कुंकवाच्या बोटाचं मी आज पहिल्यांदा ऐकलं." तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द ओळीत बसवल्यासारखा. "त्या खोलीत पूजा झाली नव्हती. आत्ता तूच सांगितलंस. भटजी कडीला हात लावून गेले. आप्पांकडे किल्ली नव्हती. तुझी पहाटे कोल्हापूरला गेली, पण आधीची रात्रभर मिरजेतच होती. माझ्याकडे होती, आणि मी काही कुंकू लावणारा माणूस नव्हे, हे तिथल्या चौदाच्या चौदा जणांना ठाऊक होतं. नुसतं ते बोट त्यांना दिसलं असतं, तरी माझी पिशवी त्यांनी स्वतः भरून दिली असती."

गुरुजींच्या हातातली पावती खाली आली.

"बाबालाल, अरे, गोष्ट आहे ही. सांगताना माणूस घालतो एखादं..."

"हे तू घातलेलं नाहीस. घालायचं असतं तर तू हळदीचा ठिपका विसरला असतास." त्याने माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मी तो हात कधी पाठीमागे नेला मला कळलं नव्हतं. "माकडाने खण ओढले, वसंता, मानलं. डिस्का बदलल्या, मानलं. कुंकूपण त्यानेच लावलं म्हण. पण मग ते पुसलं कुणी?"